फूबार २०००: सात महिने वापरल्यानंतर, आणि त्यातले तीन एका 'पं.'पायी

लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली तेव्हा गाणी वाचली, कारण त्यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर होती. गेली ती मांडणी. कुठल्या मैफिलीला किती तारे दिले होते, पहाटेच्या रागांची वेगळी यादी, आमच्या अण्णांच्या कॅसेटवरून उतरवलेल्या रेकॉर्डिंगवरच्या नोंदी. सात वर्षं रोज थोडं थोडं केलेलं काम. माझ्या जुन्या प्लेअरने हे सगळं गाण्यांच्या फाइलींत न लिहिता स्वतःच्या एका डेटाबेसमध्ये ठेवलं होतं, आणि तो डेटाबेस मेलेल्या डिस्कवर. डेटा काढून द्यायचे दुरुस्तीवाल्याने बारा हजार सांगितले, आणि काही निघालं नाही तरी तीन हजार ठेवून घेणार म्हणाला. मी दिले नाहीत. तेवढ्या पैशांत दोन नव्या डिस्का येतात.

म्हणून जुना डेस्कटॉप पुसून घेतला, त्यात ४ जीबी रॅम, आणि फूबार २००० हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर टाकलं. पीटर पावलोव्स्की यांनी ते २००२ साली आणलं, आजही फुकट आहे, आणि या मशीनवर पंख्याचा आवाजसुद्धा वाढत नाही. माझी अट एकच होती: जे लिहीन ते गाण्याच्या फाइलीतच राहिलं पाहिजे.

पहिल्यांदा उघडल्यावर समोर जवळजवळ रिकामी खिडकी येते. हे माहीत असेलच, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. व्ह्यू मेनूमधून लेआउट एडिटिंग चालू केलं की कुठल्याही चौकटीवर राइट क्लिक करून ती बदलता येते. माझ्याकडे डावीकडे अल्बम लिस्ट, मधे प्लेलिस्ट, खाली मुखपृष्ठ. अर्ध्या तासात झालं आणि नंतर हात लावला नाही. रंगीबेरंगी स्किनच्या मागे लागू नका, शोधायला डावीकडची यादीच लागते.

आणि तिथेच मी अडकले. बेचाळीसशे फाइली आत घेतल्या, कलाकारांप्रमाणे यादी लावली, तर निम्मा संग्रह 'प'मध्ये. पं. भीमसेन, पं. मल्लिकार्जुन, पं. जितेंद्र, सगळे 'पं.'च्या रांगेत. काही 'पंडित', काही 'पंडीत', काही रोमनमध्ये. 'उ.' आणि 'उस्ताद' वेगळे. किशोरीताई तीन ठिकाणी: 'गानसरस्वती'खाली, 'विदुषी'खाली आणि 'श्रीमती'खाली. इंटरनेटवरून आपोआप भरलेले टॅग, म्हणजे फाइलीतच लिहिलेली गाण्याची आणि गायकाची माहिती, तर आडनाव आधी घेऊन आलेले. ती पद्धत आपल्या गायकांना लावली की काय होतं बघा: बालगंधर्व हा एकच शब्द म्हणून ते सुटले, पण सवाई गंधर्व, कुमार गंधर्व आणि छोटा गंधर्व एकाच घरातले भाऊ असल्यासारखे 'गंधर्व' आडनावाखाली. रामभाऊ कुंदगोळकर, शिवपुत्र कोमकळी आणि सौदागर गोरे यांच्या त्या पदव्या आहेत, आडनाव नव्हे. कुमारजींना कोणी 'गंधर्व, कुमार' म्हणून शोधत नाही. भीमसेनजींना कोणी 'जोशी' म्हणून शोधत नाही. आपण पहिल्या नावाने शोधतो, यादीही तशीच हवी.

फूबारमध्ये स्ट्रिपप्रिफिक्स नावाचं एक फंक्शन आहे. मुळात इंग्रजी 'द' आणि 'अ' बाजूला काढायला केलेलं, पण आपले शब्द दिले तर तेही काढतं. 'पं.', 'पंडित', 'उ.', 'उस्ताद', 'विदुषी' असे दिले आणि यादी लगेच ताळ्यावर आली. त्या दिवशी मी हा अनुभव लिहायला घेतला होता आणि पूर्ण गुण देऊन मोकळी होणार होते.

मग आई येऊन स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अगं, नुसतं मल्लिकार्जुन मन्सूर? तुझ्या बरोबरीचे आहेत का?" तिचं बरोबर होतं. आमच्या घरात मन्सूरांचं नाव असं कोणी घेत नाही. मिरजेत, जिथे मीरासाहेबांच्या दर्ग्यातल्या उरुसात, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत होणाऱ्या संगीत सभेत बसून आम्ही गाणं ऐकत मोठे झालो, तिथे तर नाहीच.

म्हणून पुन्हा सगळं उलगडलं. आता 'उपाधी' नावाचं वेगळं फील्ड, म्हणजे टॅगमधला एक कप्पा, केलंय. कलाकाराच्या नावात फक्त नाव, उपाधी तिच्या जागी. प्लेलिस्टच्या रकान्यात दाखवताना उपाधी चौकोनी कंसात घालून नावाआधी लिहिली. फूबारच्या भाषेत चौकोनी कंसाचा अर्थ असा, की आतलं फील्ड भरलेलं असेल तरच दाखव. त्यामुळे उपाधी लिहिली नसेल तिथे मोकळी जागाही राहत नाही, आणि दिसायला 'पं. मल्लिकार्जुन मन्सूर' असूनही क्रम 'म'मध्ये लागतो. जुगलबंदीला दोन नावं अर्धविरामाने तोडून लिहिली की तीच फाइल दोघांच्याही खाली दिसते. या एका 'पं.'साठी मी जवळजवळ तीन महिने घातले आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही.

बाकीची फील्डंही आपल्याला स्वतःच करावी लागतात, कारण ही टॅगची चौकट आपल्या संगीतासाठी कोणी आखलेली नाही. एमपीथ्रीचे सुरुवातीचे आयडीथ्री टॅग बघा: शीर्षकाला ३० अक्षरं आणि संगीतप्रकारांची ८० नावांची ठरलेली यादी, त्यात आपल्यासाठी जवळचं म्हणजे 'एथ्निक'. माझ्या कितीतरी सीडींवर आजही तेच येतं. मी राग, ताल, प्रहर, घराणं आणि साथ अशी पाच फील्डं केली. खरा वेळ खाल्ला तो रागांच्या नावांनी. मालकंस की मालकौंस? तोडी की टोडी? ललत की ललित? एकच रूप ठरवा, कागदावर लिहून भिंतीला लावा आणि मगच टॅग भरायला बसा. मी न ठरवता बसले आणि आठशे फाइली पुन्हा केल्या. एकगठ्ठा बदल करता येतात म्हणून निभावलं: फाइली निवडायच्या, प्रॉपर्टीज उघडायच्या, एकदाच लिहायचं.

टॅग देवनागरीत ठेवले, फाइलींची नावं मात्र रोमनमध्ये. गाडीतला डेक देवनागरीचे चौकोन दाखवतो. आणि आधीच्या प्लेअरने एकदा देवनागरी नावं प्रश्नचिन्हं करून सेव्ह केली होती. तसं झालं की मूळ अक्षरं परत येत नाहीत. फाइलींची नावं बदलताना फूबार आधी जुनं आणि नवं दोन्ही समोर दाखवतं, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आवाजाबद्दल दोनच गोष्टी, पण महत्त्वाच्या. सीडीवर विलंबित आणि द्रुत हे दोन ट्रॅक असले तरी गाणं अखंड असतं. एमपीथ्रीमध्ये आवाज ११५२ नमुन्यांच्या तुकड्यांत बांधला जातो, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरली जाते, आणि नेमका समेच्या आसपास खड्डा पडतो. लेम या एमपीथ्री बनवणाऱ्या प्रोग्रॅमने केलेल्या फाइलीत ही भर किती ते लिहिलेलं असतं. फूबार ते वाचून तेवढा भाग गाळतं. जुन्या प्लेअरवर वर्षानुवर्षं ऐकलेला तो झटका इथे नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ट्रॅक मागे नेऊन पुन्हा लावला.

दुसरं रिप्लेगेन. ७८ आरपीएमच्या जुन्या तबकडीवरून उतरवलेलं गाणं आणि नवी सीडी यांच्या आवाजातला फरक ते भरून काढतं. मूळ आवाजाला हात लावत नाही, टॅगमध्ये फक्त आकडा लिहितं. पण सेटिंग 'अल्बम'वर ठेवा. 'ट्रॅक'वर ठेवलं तर संथ आलाप आणि शेवटचा जलद 'झाला' दोन्ही एकाच पातळीवर येतात. सतारीचा आलाप 'झाल्या'इतका मोठा वाजायला लागला तर त्यात काय राहिलं?

आता माझं मत जिथे बदललं ते. चौथ्या महिन्यात लक्षात आलं की किती वेळा ऐकलं आणि किती तारे दिले हे नोंदवणारा प्लेबॅक स्टॅटिस्टिक्स हा भाग आकडे स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतो. ज्या कारणाने होरपळले तेच पुन्हा, या विचाराने दोन दिवस काही ऐकलं नाही. मग राइट क्लिकच्या मेनूत उत्तर सापडलं: ते आकडे फाइलींच्या टॅगमध्ये लिहायची आज्ञा तिथेच आहे. शिवाय फूबार पोर्टेबल पद्धतीने बसवलं तर सगळी सेटिंग्ज, याद्या आणि हा डेटाबेस एकाच फोल्डरमध्ये राहतात. मी ते काढून पुन्हा पोर्टेबल बसवलं. दर रविवारी तो फोल्डर आणि गाणी दोन डिस्कांवर उतरतात. तुम्ही सुरुवातीलाच पोर्टेबल निवडा.

या सगळ्या खटपटीचं फळ म्हणजे ऑटोप्लेलिस्ट. अट लिहायची: प्रहर सकाळचा, आणि गेल्या सव्वीस आठवड्यांत न ऐकलेलं. यादी आपोआप भरते आणि आपोआप बदलते. आता रोज सकाळी तोडी, जौनपुरी, देसकार असं काहीतरी लागतं, आणि बऱ्याचदा आपल्याकडे आहे हेच विसरलेलं. केसरबाई केरकरांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या मी इतक्या वर्षांत इतक्या लक्षपूर्वक ऐकल्या नव्हत्या.

राहिलं काम अण्णांच्या कॅसेटचं. ते शनिवारी रात्री आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम टेप करायचे, आणि रेकॉर्डचं बटण दाबेपर्यंत बरेचदा निवेदन होऊन गेलेलं असायचं. वर पेन्सिलीने फक्त 'ललत, शनि.' एवढंच. गायकाचं फील्ड रिकामं असेल तर फूबार तिथे प्रश्नचिन्ह दाखवतं, आणि शेजारी कंसात संख्या. माझ्या यादीत ते अकरावर थांबलं होतं. परवा दुपारी त्यातली एक लावली तेव्हा आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, दोन आवर्तनं उभ्याने ऐकली आणि म्हणाली, "मोगूबाई." लेबल नसलेली दुसरी कॅसेट तिने स्वतःच काढून दिली, पण ती तिला ओळखता आली नाही. कंसात सध्या दहा आहे.