चिलखत आलंच नाही, आलं ते पोलिसांचं पत्र

जर्मनीत शिकायला आलेल्या आणि लार्पचा, म्हणजे वेश करून, पात्र होऊन प्रत्यक्ष जगायच्या खेळाचा नाद लागलेल्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहितेय. 2025 च्या उन्हाळ्यात माझे 290 युरो बुडाले. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, तेव्हा महिन्याला 992 युरो मिळायचे. भाडं आणि विमा गेल्यावर 290 म्हणजे किती, हे इथल्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. पण पैसे जाणं हा यातला लहान भाग आहे.

हॅनोव्हरजवळ, निनबुर्ग जिल्ह्यातल्या ब्रोकेलो गावी उन्हाळ्यात 'कॉनक्वेस्ट ऑफ मिथोडिया' हे मोठं लार्प भरतं. सुरुवात 2004 ची. हजारो माणसं तंबू ठोकून राहतात आणि आग, पाणी, पृथ्वी, वारा, जादू अशा तत्त्वांच्या छावण्या असतात, लढाया होतात, तह होतात. प्रेक्षक कुणीच नसतो, सगळे पात्रं असतात. साताऱ्याला दिवाळीत किल्ल्यावर मावळे मांडण्यात माझं बालपण गेलं. इथे मला स्वतःलाच तटावर उभं राहता येणार होतं. किती दिवस आधीपासून झोप उडाली होती!

तलवारी फोमच्या असतात. आत फायबरग्लासची कांब, वर लॅटेक्सचा थर, आणि खेळाआधी प्रत्येक हत्यार तपासून घ्यावं लागतं. साखळीचं चिलखत मात्र खऱ्या पोलादी कड्यांचं, दहा-बारा किलोचं. नवं घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून जुन्या वस्तूंच्या एका साइटवर शोधलं. चिलखत, आतला जाड शिवलेला गाम्बेझॉन आणि तलवार, सगळं मिळून 290. फोटो सुंदर होते.

विकणारा बोलायला फार गोड. लॅटेक्स सुकून तडकू नये म्हणून सिलिकॉन स्प्रे कधी मारायचा, चिलखताचं सगळं वजन खांद्यावर न येता काही पट्ट्यावर यावं म्हणून तो कसा आवळायचा, हे त्याने न विचारता सांगितलं. कुठल्या छावणीत जाणार, पात्राचं नाव काय, तेही विचारलं. खेळातलाच माणूस वाटला. लार्पवाले एकमेकांना तंबू देतात, भांडी देतात, अनोळखी माणसाला जेवायला बसवतात. नेमका हाच विश्वास त्याने वापरला.

मग म्हणाला, पैसे पेपालवर 'मित्र आणि कुटुंब' या पर्यायाने पाठव, म्हणजे कमिशन कापलं जाणार नाही. त्या पर्यायाला खरेदीदाराचं संरक्षण नसतं. मी थोडी अडखळले, तर त्याने लगेच स्वतःच्या ओळखपत्राचा फोटो पाठवला: "माझी ओळख घे, तुझी दे, दोघांनाही भीती नको." मी माझ्या रेसिडेन्स परमिटच्या कार्डाचा फोटो पाठवला. पुढूनही, मागूनही.

दुसऱ्या दिवशी पार्सलचा नंबर आला. नऊ दिवस त्यावर एकच ओळ दिसत होती: पार्सलची सूचना इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मिळाली आहे. याचा अर्थ कुणीतरी फक्त लेबल काढलंय, पार्सल कुरिअरच्या हाती पडलेलंच नाही. मला वाटायचं, वाटेत आहे. दहाव्या दिवशी जाहिरात आणि खातं दोन्ही गायब. तेव्हा कुठे मी ते फोटो इमेज सर्चमध्ये टाकले, तर ते दुसऱ्याच कुणाच्या जुन्या अल्बममधले निघाले. हे काम दोन मिनिटांचं होतं आणि पैसे देण्याआधीचं होतं.

नीडरझाक्सन राज्याच्या पोलिसांच्या 'ऑनलाइनवाखे'वर, म्हणजे ऑनलाइन तक्रारीच्या साइटवर, तक्रार केली, चॅट आणि पावत्या जोडल्या. ब्रोकेलोला मी तरीही गेले. आमच्या छावणीतल्या एका ताईने तिचा जुना गाम्बेझॉन अंगावर चढवला, बाह्या दुमडून दिल्या. तिथे व्यापाऱ्यांच्या तंबूंत वस्तू हाताळून, अंगावर घालून घेता येते, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. पहिल्या वर्षी उसनं घालावं आणि पुढचं तिथेच घ्यावं, असं माझं आता ठाम मत आहे.

डिसेंबरमध्ये दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांचं पत्र आलं. त्यात मी आरोपी होते. त्या विकणाऱ्याने माझ्या कार्डाचा फोटो दाखवून, माझ्या नावाने कुणालातरी तेच नसलेलं चिलखत विकलं होतं. पत्र हातात धरून मी जिन्यातच बसले. व्हिसाचं काय होईल, आईला काय सांगू, दुसरं काही सुचेना. आणि मला मिळालेलं ते ओळखपत्र? तेही माझ्यासारख्याच कुणाचं तरी असणार.

विद्यापीठातल्या विद्यार्थी संघटनेचा मोफत कायदा सल्ला असतो. तिथल्या वकीलबाईंनी सांगितलं, घाबरून फोनवर काही बोलू नकोस, लेखी उत्तर दे. माझ्या आधीच्या तक्रारीचा क्रमांक आणि तारीख त्यात जोडली. ती तक्रार केलेली नसती तर दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. म्हणून रक्कम लहान असली तरी, पैसे परत मिळणार नाहीत हे माहीत असलं तरी, तक्रार त्याच दिवशी करा. कार्डाचा फोटो पाठवून बसला असाल तर तेही त्यात लिहा.

उत्तर पाठवून तीन आठवडे झाले. रोज पत्रपेटी बघते.