छापील दप्तर संच: झाडं लावणाऱ्या संस्थेच्या विश्वस्तांना कितपत पुरतो?

स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात ‘संस्थेचं दप्तर हवंय’ म्हटलं की काउंटरवर वह्यांचा गठ्ठा येतो. इतिवृत्त वही, सभासद नोंदवही, रोजकीर्द, खतावणी, जडवस्तू नोंदवही, पावतीपुस्तकं आणि क्वचित सूचनावही. आखणी बघितली की कळतं, हा संच देवस्थानं, शाळा आणि मंडळं डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. एक पै मानधन न घेता पर्यावरण संस्थेचा कारभार पाहणारे पाच-सात विश्वस्तही हाच गठ्ठा घरी नेतात. तो पारखायला कसोटी एकच लावली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली लेखापरीक्षकाला अहवालात ज्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात, ती या वह्यांतून निघतात का?

इतिवृत्त वही संचातली सर्वांत चांगली. शिवलेली बांधणी आणि छापील पानक्रमांक असलेलीच घ्यावी. सुटी पानं घालता येणारी फाइल स्वस्त पडते, पण पान बदललं नाही हे नंतर सिद्ध करता येत नाही. संगणकावर टंकलेलं इतिवृत्त चिकटवायचं असेल तर डिंकाने चिकटवून अध्यक्षांची सही अर्धी कागदावर, अर्धी वहीवर यावी अशी करायची. उरलेली जागा तिरकी रेघ मारून बंद करायची. लेखापरीक्षकाच्या अहवालाच्या नमुन्यात सभा संस्थेच्या घटनेप्रमाणे नियमित झाल्या का, इतिवृत्त ठेवलं आहे का आणि विश्वस्तांची किमान-कमाल संख्या पाळली आहे का, हे तिन्ही प्रश्न आहेत. पहिल्या दोघांचं उत्तर ही वही देते. तिसऱ्यासाठी पहिल्याच पानावर घटनेतली विश्वस्तसंख्या, कोरम आणि सूचनेचे दिवस लिहून ठेवावेत. नाहीतर दर सभेला घटनेची झेरॉक्स शोधत बसावं लागतं.

छापील नमुन्यात विषय, ठराव, सूचक, अनुमोदक एवढे रकाने असतात. ‘तटस्थ’ हा रकाना नसतो आणि नेमका तोच हवा असतो. पर्यावरण संस्थेचे विश्वस्त बहुतेकदा त्याच क्षेत्रातले: कुणाची रोपवाटिका, कुणाचा टँकर, कुणाचा ठिबकचा धंदा. संस्थेने त्यांच्याकडून माल घ्यायचा असेल तर ठरावात स्पष्ट यायला हवं: ‘अमुक यांनी आपला संबंध जाहीर केला, ते चर्चेत व मतदानात सहभागी झाले नाहीत, त्यांना वगळून कोरम पूर्ण होता, तीन दरपत्रकं सभेपुढे ठेवली.’ ‘सर्वानुमते मंजूर’ एवढ्यावर भागवलं की त्या विश्वस्तानेही हात वर केला असा अर्थ निघतो. दुरुस्ती किंवा बांधकामाचा खर्च ५,००० रुपयांवर गेला तर निविदा मागवल्या होत्या का, हाही लेखापरीक्षकाचा प्रश्न आहे. आजच्या भावाने कुंपणाचा एक कोपरा सारखा करतानाही हा आकडा ओलांडला जातो.

सभासद नोंदवहीत विश्वस्तांचं पान असेल तर त्यात एक रकाना हाताने आखून घ्या: ‘बदल अर्जाची शेवटची तारीख’. विश्वस्त बदलला, राजीनामा दिला, निधन झालं, तर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज (बोलीभाषेत चेंज रिपोर्ट) जायला हवा. सोबत सूचना, हजेरी, इतिवृत्ताचा उतारा, राजीनामा, नव्या विश्वस्ताचं संमतिपत्र. स्वयंसेवकांच्या संस्थेत हे काम ‘कुणीतरी करेल’ यात अडकतं. मुदत टळली की अर्जाबरोबर विलंबमाफीही मागावी लागते. तोवर परिशिष्ट १ च्या (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या) उताऱ्यावर जुनीच नावं राहतात आणि बँकेत सहीचा बदल रखडतो.

रोजकीर्द आणि खतावणी ठीक आहेत. पण या संचाची सर्वांत मोठी उणीवही इथेच आहे: विश्वस्ताने खिशातून केलेल्या खर्चाला जागाच नाही. एप्रिल-मेमध्ये रोपं वाळत असतात, टँकरवाला रोख मागतो, कोणीतरी विश्वस्त पैसे देऊन टाकतो. बिल असतं त्याच्या गाडीच्या डॅशबोर्डवर. ३१ मार्चपर्यंत ते चुकतं झालं नाही तर ताळेबंदात तो विश्वस्त संस्थेचा धनको ठरतो. विश्वस्त संस्थेचा ऋणको किंवा धनको आहे का, हे लेखापरीक्षकाला वेगळं नमूद करावं लागतं. रक्कम ‘हातउसने’ म्हणून लिहिली तर आणखी पंचाईत. कलम ३६-अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विश्वस्तांना संस्थेसाठी कर्ज काढता येत नाही.

उपाय म्हणजे शंभर पानी साधी वही. रकाने सात: तारीख, काम, जागा, रक्कम, कशाने दिले (रोख की यूपीआय), बिल क्रमांक, परतफेडीची तारीख. दर महिन्याच्या शेवटी हिशेब चुकता, मार्चमध्ये पंचवीस तारखेच्या आत. ‘मला परत नकोत’ असं तोंडी सांगितलं तर ती नोंद होत नाही. संस्थेने बँकेतून परतफेड करायची आणि त्या विश्वस्ताने बँकेतूनच देणगी द्यायची. मग खर्चही दिसतो आणि पावतीही फाडता येते. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिलेली रक्कम प्राप्तिकरासाठी धर्मादाय खर्च म्हणून धरत नाहीत. खड्डे खणणाऱ्या मुकादमाला सगळ्यांची मजुरी एकरकमी रोख देणाऱ्या संस्था इथेच फसतात.

पावतीपुस्तक घेऊच नये. छापील पावतीवर नाव आणि रक्कम असते. पत्ता, पॅन, पैसे कोणत्या मार्गाने आले आणि देणगीचा प्रकार (कायम निधी, ठरावीक कामासाठी, सर्वसाधारण) हे नसतं. करसवलतीच्या देणग्यांचं वार्षिक विवरण ३१ मेपर्यंत भरताना हेच सगळं लागतं आणि मग मे महिनाभर देणगीदारांना फोन लावावे लागतात. कायम निधीची देणगी असेल तर देणगीदाराची तशी लेखी सूचना हवी, पावतीवर आपण शिक्का मारून भागत नाही. रोख देणगी २,००० रुपयांपुढे गेली की देणगीदाराला सवलत नाही. रोपं, कुदळी, खत अशी वस्तुरूप देणगी असेल तर मुळातच नाही. स्वतःची पावती छापून घ्या, पण हजारांनी नको. प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुने क्रमांक छापलेले गठ्ठे कपाटात पडून असतील तर ते आधी रद्द करा.

जडवस्तू नोंदवहीत वस्तू, खरेदी, किंमत, घसारा एवढं असतं. ‘सध्या कुणाच्या ताब्यात’ हा रकाना जोडल्याशिवाय ती पर्यावरण संस्थेला निरुपयोगी आहे. ग्रासकटर, कॅमेरा, दुर्बीण, जीपीएस यंत्र या वस्तू कार्यालयात नसतातच (कार्यालय असलं तर!), त्या स्वयंसेवकांच्या घरी असतात. रोपं मात्र या वहीत लिहू नका. त्यांना वेगळी वही: प्रजाती, कुठून आणली, खड्ड्याचं माप, लावल्याची तारीख, जागेचे अक्षांश-रेखांश, आणि जिवंत रोपांची मोजणी दोनदा, एकदा दिवाळीनंतर, एकदा मेअखेर. सीएसआरचा (सामाजिक जबाबदारीच्या निधीतला) पैसा देणारी कंपनी पहिलं तेच विचारते. जमीन गायरान, वनखातं किंवा पालिकेची असेल तर ती स्थावर मालमत्तेत दाखवायची नाही. परवानगीपत्राचा क्रमांक आणि मुदत त्याच रोपांच्या वहीत पहिल्या पानावर. संस्थेच्या पैशातून तिथे कुंपण किंवा टाकी उभारली तर ती शेवटी कुणाची, हे परवानगीपत्रातच लिहून घ्यावं. पत्रात काहीच नसेल तर खर्च करण्याआधी सभेत ठराव करा.

एकूण, संच पूर्ण घेण्यात अर्थ नाही. इतिवृत्त वही, सभासद नोंदवही, जडवस्तू नोंदवही एवढ्या तीन सुट्या घ्याव्यात. हिशेब संगणकावर असेल तर रोजकीर्द-खतावणी नकोच. दर महिन्याचा छापील कागद काढून दोन विश्वस्तांच्या सह्या घेतल्या की झालं. पुठ्ठा जाड बघा, कागद शाईचा पेन सोसतो का ते दुकानातच शेवटच्या पानावर लिहून पाहा. प्राप्तिकराच्या नियमाने हिशेबाचं दप्तर दहा वर्षं सांभाळायचं आहे आणि वह्या बहुधा खजिनदाराच्या माळ्यावरच राहतात, तेव्हा वाळवीपासून दूर, झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवा. दर तीन वर्षांनी खजिनदार बदलला की पेटीची यादी करून दोघांच्या सह्या इतिवृत्तात.