1932 चं व्ही-एट इंजिन, 92,498 रुपये आणि भिंतीवरचा सॉकेट

आधीच सांगतो, ॲपवरून जुनं इंजिन घ्यायला गेलो आणि मिलिटरीवाला म्हणवणाऱ्या एकाने मला बुडवलं, हे लिहायची मला लाज वाटते. बायको म्हणाली गप बसा, गावभर कशाला सांगता. पण दोन महिने गप बसलो आणि काय झालं, तर काही नाही. म्हणून लिहितोय. हसायचं असेल तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोडला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली, पॉवरलूमच्या मोटारी, बोअरच्या मोटारी, पंखे, सगळं. म्हणजे मी काही अडाणी नाही, लोखंड आणि तांबं बघून माल ओळखणारा माणूस आहे. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणणारच, एवढं कसं कळलं नाही.

जुळे सोलापुरात घराच्या मागे पत्र्याचं शेड आहे. तिथे तीन वर्षांपासून मी हॉट रॉड बनवतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. अमेरिकेत कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या स्वस्त फोर्ड घ्यायची, मडगार्ड, बॉनेट, जे जड असेल ते काढून टाकायची, इंजिन तयार करायची आणि सुकलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर पळवायची, त्या गाड्या म्हणजे हॉट रॉड. आणि त्यातलं देव इंजिन म्हणजे फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-एट, व्ही आकारात आठ सिलिंडर, 1932 ला आलं, 221 क्युबिक इंच म्हणजे साधारण 3.6 लिटर, 65 हॉर्सपॉवर. आज 65 ऐकून हसू येतं, पण तेव्हा साध्या माणसाच्या गाडीत आठ सिलिंडर ही गोष्टच नवी होती.

माझ्याकडे बॉडी आहे डुक्कर फियाटची, 1956 ची. पंढरपूर रोडच्या एका भंगारवाल्याकडून 38,000 ला घेतली, तो व्यवहार चोख झाला, भंगारवाला शब्दाला पक्का निघाला आणि मिलिटरीवाला मला बुडवून गेला, हे पण लक्षात ठेवा. या फियाटला वेगळी चेसिस नसते, बॉडी हीच चेसिस, म्हणून खालून बॉक्स पाईपची फ्रेम मी स्वतः वेल्ड केली, मे महिन्यात, पत्र्याखाली, 43 डिग्रीत. मूळ इंजिन 1089 सीसीचं, ते पण जाम. रस्त्यावर चालवायची नाही हे पहिल्यापासून ठरलेलं, असली बदललेली गाडी आरटीओ पास करत नाही, मोटार वाहन कायद्यातलं कलम 52 मला तोंडपाठ आहे. शेतात भावाची मोकळी जमीन आहे, तिथे पळवायची आणि शेडमध्ये उभी करून बघत बसायचं, एवढंच स्वप्न. तंबाखू नाही, दारू नाही, पत्ते नाहीत. एक नाद.

तर इंजिन. फ्लॅटहेड इकडे मिळणं म्हणजे कठीण काम. पण अगदीच अशक्य नाही, कारण दुसऱ्या महायुद्धात कॅनडात बनलेले फोर्डचे मिलिटरी ट्रक भारतात आले होते, त्यांना हेच व्ही-एट होतं, आणि युद्धानंतर ते डिस्पोजलमध्ये विकले गेले. हे मला माहीत होतं. फसवणाऱ्याला पण माहीत होतं, नाहीतर कुठेतरी वाचून आला असणार. थोडं खरं माहीत असलेल्या माणसाला फसवणं सोपं जातं बघा, उरलेलं तो स्वतःच भरून काढतो.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरत होती तेव्हा जुन्या वस्तू विकायच्या एका ॲपवर जाहिरात दिसली. फोर्ड व्ही-एट, 1932, आर्मी डिस्पोजल, नगर, 85,000. मी तीन वर्षं हा शब्द टाकून शोधत होतो हो, रोज रात्री जेवण झाल्यावर. हात थरथरले खोटं नाही सांगत.

फोन लावला. "जय हिंद सर." सुभेदार आहे म्हणे, बदली झाली आहे, सामान नेता येत नाही, म्हणून काढतोय. आता तुम्ही म्हणाल, मिलिटरीवाला, बदली, अर्जंट, ही तर शाळेतल्या पोरांना पण माहीत असलेली टोपी आहे. मला पण माहीत होती! पण मला ती फ्रीज, ॲक्टिव्हा, सोफा यासाठी माहीत होती. 1932 च्या इंजिनासाठी कोण कशाला सापळा लावेल, अख्ख्या जिल्ह्यात गिऱ्हाईक किती, मी एकटा. असा विचार केला. आता वाटतं त्यांनी सापळा लावलाच नव्हता, शंभर गोष्टींचे फोटो टाकून ठेवायचे, ज्याला जे पाहिजे तो स्वतः येऊन अडकतो.

शुक्रवारी संध्याकाळी टोकन 5,000 यूपीआयने. पाठवताना वर नाव आलं एका बाईचं. विचारलं तर म्हणाला युनिटच्या मेसचं खातं ती सांभाळते. बरं म्हटलं. हे बरं म्हणणं मला महागात पडलं. नाव जुळत नसेल तर पाठवू नका, मेस असो की मामी असो.

शनिवारी सकाळी त्याने चार फोटो पाठवले. आणि आता ते सांगतो ज्याच्यामुळे मला अजून रात्री झोप लागत नाही.

मी हेडचे स्टड मोजले, म्हणजे इंजिनवरचं झाकण आवळणारे बोल्ट. सवय आहे. 24 आले. 1932 च्या इंजिनाला एका हेडला 21 स्टड असतात, 24 वाली हेडं नंतरची, हे मी किती जणांना शिकवलंय. माझ्या टर्नर दोस्ताला मी हेच दुकानात चहा पिताना दहा वेळा सांगितलंय, तो वैतागून म्हणायचा, मालक, पुरे की आता. आणि त्या दिवशी मोजून 24 आले आणि मी काय केलं? स्वतःलाच समजावलं की तो फौजी माणूस, त्याला काय कळतंय साल, युद्धाच्या ट्रकमधलं असेल, उलट बरंच आहे, नंतरचं इंजिन जास्त दमाचं. म्हणजे विकणारा खोटं बोलतोय हे दिसल्यावर मी त्याच्या बाजूने वकिली केली. फी न घेता.

आणि स्टडचं एक वेळ सोडा. फोटोत इंजिनच्या मागे भिंत होती आणि भिंतीवर सॉकेट. दोन उभ्या चपट्या फटी आणि खाली एक गोल भोक, तोंड वासलेल्या माणसासारखा दिसतो तो. अमेरिकेचा सॉकेट. नगरच्या कॅम्पात! सव्वीस वर्षं मी वायर आणि प्लगात हात घालून पोट भरतोय, आणि मी तो फोटो किती वेळा मोठा करून बघितला असेल, पंधरा-वीस वेळा तरी, पण नजर फक्त इंजिनवर. रात्री मुलीला दाखवायला घेतला, ती बारावीला आहे, तिने दोन सेकंदात विचारलं, पप्पा, हे प्लग पॉईंट असं का आहे?

पण ते रात्री. दिवसभरात काय काय झालं ते ऐका. सकाळी अकराला निम्मे पैसे पूर्ण करा म्हणाला, म्हणजे आणखी 37,500. दिले. मग लाकडी पेटीचं पॅकिंग 6,800, इंजिन अडीचशे किलोच्या आसपास, पेटी लागणारच, दिले. मग ट्रान्सपोर्ट 11,200, बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो पण पाठवला, शिक्का-बिक्का सगळं. अहो सोलापूर हे ट्रकवाल्यांचं गाव, मी स्वतः दर महिन्याला तांब्याची तार मागवतो ती 'टू पे' वर येते, माल उतरला की भाडं द्यायचं. अडीचशे किलोचं भाडं आगाऊ मागितलं तिथेच फोन ठेवायला पाहिजे होता. कोणी काही म्हणो, मोठा माल असेल तर 'टू पे' सांगा, नाही म्हणाला तर विषय संपवा.

मग आला गेटपास. 15,999. "रिफंडेबल है सर, गाड़ी गेट से निकलते ही वापस." भरले. दहा मिनिटांनी फोन, सिस्टीममध्ये एंट्री पडली नाही, सेम अमाउंट परत टाका, दोन्ही मिळून 31,998 एकदम परत येतील. दुपारचे दोन चाळीस. टाकले. इथे मला कोणी विचारलं ना की का टाकले, तर उत्तर नाही माझ्याकडे. तोपर्यंत 76,499 गेलेले, ते वाचवायला 15,999 टाकले. जुगारी हेच करतो, आणि वर मी म्हटलं पत्ते नाहीत.

थांबलो कधी, तर तो म्हणाला सर आणखी 21,000 टाका, तुमच्या गाडीला व्हीए नंबर काढून देतो, व्हिंटेजवाला. आता हे मात्र मला पक्कं ठाऊक. 2021 चा नियम आहे, पन्नास वर्षांवरची गाडी पाहिजे आणि चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार नको, नव्या नोंदणीची फी 20,000. माझ्या गाडीत तर सगळंच फेरफार, तिला व्हीए नंबर म्हणजे बोकडाला गाईची पूजा. नाही म्हणालो. तो चिडला. मग फोन बंद. एकूण 92,498. म्हणजे इंजिनची किंमत 85,000 आणि मी न मिळालेल्या इंजिनाला त्याच्यावर 7,498 जास्त दिले.

आता पुढचं. मुलीने सॉकेट दाखवला रात्री साडेनऊला. मी काय केलं, सकाळपर्यंत बघू म्हणून पडलो. का, तर बायकोला सांगायची हिंमत नव्हती. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला लगेच फोन करायचा असतो हे मला रविवारी दुपारी पोरीनेच सांगितलं. म्हणजे शेवटचं पेमेंट होऊन बावीस तास झालेले. तुमचं कधी झालं तर लाज नंतर, 1930 आधी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे पळत असतात, मधेच अडवले तरच हाताला लागतात.

बँकेचं विचारू नका. शनिवार चौथा, बंद. सोमवारी गेलो तर काउंटरवरची मॅडम म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय ना? हो. मग आमचं काय. मॅनेजर मीटिंगमध्ये. अर्ज लिहून आणा. आणला. हा फॉरमॅट नाही. फॉरमॅट द्या म्हटलं तर झेरॉक्सवाल्याकडे मिळतो. बँकेचा फॉरमॅट झेरॉक्सवाल्याकडे!

मग ठाणं. कुठलं ते लिहीत नाही, लिहून मलाच त्रास. तिथले साहेब विचारतात, पैसे पाठवताना तुम्ही कुठे होतात? म्हटलं पहिले घरी, मग दुकानात, शेवटचे परत घरी. मग म्हणे दुकानाची हद्द आमची नाही, घराचे व्यवहार इथे, दुकानाचे तिकडे. म्हणजे माझी एकच फसवणूक दोन तुकड्यात. तिकडे गेलो तर ते म्हणाले आरोपी नगरचा, नगरला जा. तो नगरला नाहीच, हेच तर मी सांगतोय! पुतण्या लॉ करतोय, त्याने सांगितलं काका, हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते, झिरो एफआयआर, बीएनएसएस म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं कलम 173. तेच कागदावर लिहून नेलं. साहेबांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, तुम्हीच चालवा मग ठाणं.

तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला. लिहिणाऱ्या हवालदाराने विचारलं, वस्तू काय? म्हटलं 1932 चं फोर्ड फ्लॅटहेड व्ही-एट इंजिन. चालू आहे का? माहीत नाही, बघितलं नाही. नव्वद वर्षांचं जुनं? हो. त्याने मान हलवली आणि लिहिलं, "जुने भंगार खरेदी करतेवेळी." मी म्हटलं साहेब, भंगार नाही. तर म्हणाला काका, अजून आलेलंच नाही तर भंगार काय आणि सोनं काय. मागे बसलेले दोघं हसले. त्या 92,498 पेक्षा ते हसणं मला जास्त लागलं.

सहा चकरा झाल्या, प्रत्येक वेळी दुकान बंद. एक खातं सापडलं, ते कुठल्यातरी मजुराचं, त्याला पत्ताच नाही. त्यात 4,310 रुपये होल्ड झालेत, ते पण हातात येत नाहीत, कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. वकील बोलला फी 5,000. हिशोब तुम्हीच करा. आणि हो, स्क्रीनशॉट डिलीट करू नका, मी रागाच्या भरात अर्धं चॅट उडवलं, त्यावरून पण बोलणी खाल्ली. वस्तू लांब असेल तर एसटीने जाऊन या, सोलापूर ते नगर काही अमेरिका नाही, मी एक दिवस दुकान बंद ठेवायला कंजूषपणा केला. व्हिडिओ कॉल मागा, आणि आला तर आसपासची भिंत बघा, इंजिन नंतर.

बायकोला कळलं तेव्हा ती ओरडली नाही. दोन दिवस भाकरी आणि शेंगाची चटणी, भाजी नाही. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये आली, फ्रेमच्या पुढच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, इथे मारुतीचं इंजिन बसत नाही का? बसतं. मला बसवायचं नाही.

गेल्या रविवारी रात्री सवयीने ॲप उघडलं. तीच जाहिरात. नाव वेगळं, शहर वेगळं, फोटो तोच, मागे तोच सॉकेट. रिपोर्ट केलं, मुलीच्या फोनवरून पण केलं, दोन दिवसांनी बघितलं तर अजून तिथेच. किंमत फक्त उतरवलीय. 79,000. मला 85 सांगितले होते हरामखोराने.