अतिउंचीवरचा तयार शिधा: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

समुद्रसपाटीपासून सुमारे ५००० मीटर उंचीवरच्या एका बर्फाळ ठाण्यावर असताना तुकडीच्या शिध्याचे काम काही महिने माझ्याकडे होते. ताजे अन्न क्वचितच वर पोहोचत असे. त्यामुळे रोजचा आहार मुख्यतः तयार पाकिटांवर चाले: रिटॉर्ट पाऊचमधले शिजवलेले जेवण, फ्रीझ-ड्राइड म्हणजे गोठवून सुकवलेले जेवण, एनर्जी बार, दाण्यांची पेस्ट, सुकामेवा आणि पाण्यात विरघळवायच्या पेयांच्या पावडरी. या काळात माझे एक मत पक्के झाले. पाकिटावर छापलेल्या कॅलरी आणि जवानाच्या पोटात गेलेल्या कॅलरी यांत बरेच अंतर पडते आणि शिध्याची पारख त्या अंतरावरूनच करायला हवी. म्हणून मी वाटप केलेल्या पाकिटांच्या नोंदीइतकेच लक्ष कचऱ्याच्या पोत्याकडे देत असे. कोणते पाकीट चाटूनपुसून रिकामे झाले आहे, कोणते अर्धे भरलेले तसेच मुडपून टाकले आहे, हे त्या पोत्यात स्पष्ट दिसे.

उंचीवर भूक मंदावते, हे तिथे गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुसरीकडे शरीराची गरज मात्र वाढलेली असते, कारण थंडीत ऊब टिकवायची असते, जड कपडे व बूट घालून बर्फातून चालायचे असते आणि विरळ हवेत श्वासोच्छ्वासही जास्त करावा लागतो. सर्वसाधारण लढाऊ शिधा दिवसाला ३६०० कॅलरींच्या आसपास धरला जातो, तर अमेरिकी सैन्याचा जुना शीत-प्रदेशीय शिधा ४५०० कॅलरींचा होता. हे आकडे योग्यच आहेत, पण पुढ्यात आलेले अन्न पाहूनच मळमळणाऱ्या माणसाला एका बैठकीत हजारभर कॅलरी खायला सांगून काही उपयोग होत नाही. पहिल्या काही दिवसांत तर जेवणाच्या वेळा बाजूला ठेवून दर दीड-दोन तासांनी थोडे थोडे खायला लावणे, हाच उपाय आम्हाला लागू पडला.

रिटॉर्ट पाऊचबद्दल आधी सांगतो. प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियमच्या थरांच्या पिशवीत अन्न सीलबंद करून सुमारे १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक केलेले असते, त्यामुळे ते शीतपेटीशिवाय टिकते आणि गरजेला न तापवताही खाता येते. चवीला हे जेवण सर्वांत चांगले होते. अडचण त्यातल्या पाण्याची आहे. ते पाणी पाठीवर वाहावे लागते आणि थंडीत गोठते. रात्रभर उघड्यावर राहिलेला पाऊच सकाळी विटेसारखा कडक होई आणि तो नुसता मऊ करण्यातच बरेच इंधन जाई. ज्योतीविना तापणारे हीटर काही पाकिटांसोबत येत. त्यांत मॅग्नेशियम, लोखंड आणि मीठ यांचे मिश्रण असते व पाणी घातल्यावर उष्णता निर्माण होते. सौम्य थंडीत ते उत्तम चालतात, कडाक्याच्या थंडीत मात्र त्यांची उष्णता अपुरी पडते. या क्रियेत हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून बंद तंबूत किंवा पेटत्या स्टोव्हजवळ हा हीटर कधीही वापरू नये. ही सूचना पाकिटावर असते, पण थकलेला माणूस ती वाचत नाही. ती तोंडी आणि वारंवार सांगावी लागते.

फ्रीझ-ड्राइड जेवणाने माझे मन जिंकले. गोठवलेल्या अन्नातला बर्फ निर्वात कक्षात वितळू न देता थेट वाफेच्या रूपात काढून घेतात, त्यामुळे वजन कमालीचे घटते आणि चव व आकार बऱ्यापैकी टिकतात. गोठून बिघडेल असे त्यात काही उरत नाही. प्रश्न पाण्याचा असतो, आणि तिथे पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ. बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून सुमारे ८० अंशांपर्यंत तापले असते. म्हणजे या जेवणामुळे अन्नाचे ओझे कमी होते, पण इंधनाचे वाढते, आणि रसदीचा हिशेब मांडताना हा भाग हमखास विसरला जातो. शिवाय ५००० मीटरवर पाणी साधारण ८३ अंशांनाच उकळते. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपुरते थांबले, तर भाताचा दाणा बाहेरून मऊ आणि आतून कच्चा लागतो. आम्ही पाणी ओतल्यावर पाकीट नीट बंद करून जॅकेटच्या आत, पोटाशी धरून बसत असू आणि लिहिलेल्या वेळेच्या जवळजवळ दुप्पट वेळ थांबत असू. त्यानंतर जेवण खरोखर चांगले लागे आणि तेवढा वेळ अंगालाही ऊब मिळे.

एनर्जी बारबद्दल माझे मत संमिश्र आहे. खजूर, ओट्स आणि सुकामेव्याचे बार चांगलेच होते, पण जास्त प्रथिने असलेले आणि चॉकलेटचा जाड थर असलेले बार उणे तापमानात इतके कडक होत की दाताची भीती वाटे. बार आतल्या खिशात ठेवावा, गस्तीला निघण्यापूर्वी त्याचे लहान तुकडे करून घ्यावेत आणि चालताना एकेक तुकडा तोंडात घोळवावा, ही पद्धत सर्वांना मानवली. आणखी एक त्रास म्हणजे आवरण. जाड हातमोजे घातलेल्या हाताने न फाटणारे पाकीट उघडायला हातमोजा काढावा लागतो, आणि वाऱ्यात तेवढ्याने बोटे बधिर होतात. अशा वेळी माणूस खायचेच टाळतो.

कचऱ्याच्या पोत्यात न खाल्लेली जवळजवळ कधीच न सापडलेली वस्तू म्हणजे पेयांची पावडर. गरम व गोड पेय भूक नसतानाही पोटात जाते, त्यातून पाणी जाते, साखर जाते आणि क्षारही जातात. कोरड्या हवेत श्वासावाटे भरपूर पाणी निघून जाते, पण थंडीमुळे तहान लागत नाही, म्हणून मला तिथे पेय हे जेवणाइतकेच महत्त्वाचे वाटते. कर्बोदकांना आणखी एका कारणाने मी प्राधान्य देईन: वापरलेल्या एक लिटर प्राणवायूमागे त्यांच्यापासून सुमारे ५ कॅलरी मिळतात, तर स्निग्धापासून ४.७. फरक छोटा आहे, पण जिथे प्राणवायूच अपुरा आहे तिथे तो मोलाचा ठरतो. याचा अर्थ स्निग्ध पदार्थ टाळावेत असा नाही. एका ग्रॅमला ९ कॅलरी देणारे दुसरे अन्न नाही आणि पाठीवरचे वजन तर मोजून न्यायचे असते. दाण्यांची पेस्ट रात्री झोपण्यापूर्वी गरम पेयासोबत घेतली, तर अनेकांना झोपेत थंडी कमी वाजत असे. चढाईच्या दिवशी मात्र तेलकट जेवण नकोसे होई.

राहता राहिला तोच-तोचपणा. हा मुद्दा चोचले पुरवण्याचा नाही, तो थेट आरोग्याचा आहे. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी सैन्याचा के-रेशन हा शिधा थोड्या दिवसांच्या मोहिमांसाठी तयार केला होता, पण तो कितीतरी जास्त काळ वापरला गेला आणि सैनिकांची वजने घटली, जीवनसत्त्वांची कमतरताही दिसली. आज त्याच सैन्यात एमआरई हे पाकीटबंद जेवण एकमेव आहार म्हणून २१ दिवसांपर्यंतच देण्याचा संकेत आहे. आमच्याकडे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून तीच दोन जेवणे पोत्यात अर्धी दिसू लागली, जी सुरुवातीला सर्वांची आवडती होती. तिखट सॉसच्या छोट्या पुड्या, लोणच्यासारखे काही आंबट आणि एखादा कुरकुरीत पदार्थ मिळाला की तेच जेवण पुन्हा संपत असे. सी जीवनसत्त्व साठवणीत व उष्णतेत हळूहळू नष्ट होते, त्यामुळे ते घातलेली पेयपावडर रोज प्रत्येकाच्या पोटात जाते की नाही, हे मी जातीने पाहत असे.

अशा ठाण्यासाठी मला पुन्हा निवड करायची झाली, तर मुख्य जेवण फ्रीझ-ड्राइड घेईन आणि त्याच्या हिशेबाने इंधन वाढवून मागेन. रिटॉर्ट पाऊच खालच्या तळांसाठी आणि आणीबाणीसाठी ठेवीन. बार मोजके, पण मऊ राहणारे निवडीन आणि वाचलेले वजन पेये, दाण्यांची पेस्ट व चव बदलणाऱ्या छोट्या पुड्यांसाठी वापरीन. उत्पादकांकडे माझ्या दोन मागण्या आहेत. पाकिटावर उंचीनुसार थांबण्याची वेगळी वेळ छापावी आणि पाकिटाची खाच हातमोजा घातलेल्या बोटांना पकडता येईल एवढी मोठी ठेवावी.