मालवणची घरगुती खानावळ: चिकन-मटण न खाता मासे खाणाऱ्यांनी इथे नक्की जा

मी चिकन, मटण, अंडी काहीच खात नाही, घरी रोज डाळ-भाजी-उसळ आणि अधूनमधून मासे, एवढंच. पण बाहेर जेवायला गेलं की आमच्यासारख्यांची पंचाईत होते कारण व्हेज थाळी मागितली तर पनीर येतं आणि फिश थाळी मागितली तर माशाबरोबर भाजीच नसते, वर बऱ्याच ठिकाणी चिकनचा आणि माशाचा रस्सा एकाच वाटपातून, एकाच डावाने. म्हणून मालवणात बाजारातून बंदराकडे जाताना लागणारी ही खानावळ मला एवढी आवडली. घराच्या पडवीतच चार टेबलं, आणि इथे कोंबडी शिजवतच नाहीत.

बांगडा थाळी घेतली. मासा एकच, तोही तिखल्यातला (म्हणजे तिरफळं घातलेल्या दाट, तिखट-आंबट रश्शातला), बाकी सगळं ताट भाज्यांचं! काळ्या वाटाण्याचं सांबार, फणसाची भाजी, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. तिखल्यात तिरफळं ठेचून घातलेली, आमसुलाचा आंबटपणा बेताचा, रस पातळ नाही, माशाला धरून राहिलेला. आणि सांबार अक्षरशः माशाच्या बरोबरीचं, कांदा-खोबरं चांगलं काळपट होईपर्यंत भाजलेलं, वाटाणा आतपर्यंत मऊ पण सालाला चिकटलेला, मी तेच दोनदा मागून घेतलं.

मी आधी सुरमई मागितली होती तर खानावळीतल्या काकी सरळ म्हणाल्या, "सुरमय कालची हा, बांगडो घेवा, सकाळचो आसा." महागडी थाळी खपवायची सोडून असं कोण सांगतं? आणि खरं सांगू का, आपल्यासारख्यांना बांगडा-तारलीच बरी, स्वस्त पडते, ओमेगा-३ आणि बी-१२ भरपूर मिळतं (मांस-अंडी सोडली की बी-१२चं बघावंच लागतं) आणि मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त साठतो तसं छोट्या माशांत होत नाही. काटे आहेत, मान्य, सावकाश खा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते तेव्हा काय देता विचारलं, तर सुक्या बांगड्याचं किंवा सुकटीचं काहीतरी आणि बाकी टाकळ्याची भाजी, कुळथाची पिठी. मला तर पावसाळ्यात मुद्दाम जायचंय त्यासाठी. श्रावणात मात्र मासे पूर्ण बंद, तेव्हा फक्त शाकाहारी जेवण, तेही चांगलंच असणार.

कमी काय म्हणाल तर सोलकढीची वाटी फारच लहान आणि दुसऱ्या वाटीचे पैसे वेगळे, ते पटलं नाही. लसूण पण जरा जास्त होता. कट्टर शाकाहारी मंडळी बरोबर असतील तर आधी सांगा, तवा वेगळा आहे पण स्वयंपाकघर एकच. दीड वाजता सांबार संपतं, साडेबारालाच जाऊन बसा, फोन करून गेलात तर दोन माणसांचं बाजूला काढून ठेवतात.