कॉमिक कन्व्हेन्शनच्या स्टॉलचे म्हणून माझे ७०,४६० रुपये लुबाडले. छोट्या दुकानदारांनो, पैसे भरण्याआधी हे वाचा

आधी आकडे. स्टॉलचे ४७,२०० रुपये, म्हणजे ४०,००० अधिक १८ टक्के जीएसटी. परत मिळणारी अनामत म्हणून १५,०००. वीज, टेबलं आणि खुर्च्यांचे ८,२६०. एकूण ७०,४६०. पुणे-मुंबई टेम्पोचे ९,५००, लॉजचे ७,२०० आणि फ्लेक्सचे ४,३५० गेले ते वेगळेच. मांगाचा, म्हणजे जपानी कॉमिक्सचा, एक खंड विकला की माझ्या हातात ८० रुपये सुटतात. नुसते हे ७०,४६० भरून काढायला ८८१ खंड विकावे लागतील.

मुंबईच्या मोठ्या कॉमिक कन्व्हेन्शनला, म्हणजे कॉमिक्सच्या प्रदर्शनाला, जागा मिळवणं म्हणजे काय असतं हे धंद्यातल्यांना सांगायला नको. मोठे प्रकाशक, टी-शर्टवाले, गेमिंग कंपन्या यांचं आधीच ठरलेलं असतं. उरलेल्या छोट्या स्टॉलसाठी आमची झुंबड. माझं नाव प्रतीक्षायादीत गेलं, म्हणून संग्राहकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं की कुणी स्टॉल वाटून घेतंय का. यात गैर काही नाही, बरेच जण घेतात. पण माझा नंबर तिथूनच उचलला गेला याची मला खात्री आहे. ग्रुपवर असं जाहीर विचारू नका. ओळखीच्या दुकानदाराला थेट फोन करा.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. आयोजकांच्या ‘व्हेंडर टीम’मधून बोलतोय, एकाने स्टॉल सोडलाय, हवा असेल तर आज सांगा. माणूस धंद्यातलंच बोलत होता. मी इंद्रजाल कॉमिक्सचे, म्हणजे वेताळ ऊर्फ फँटमच्या चित्रकथांचे, जुने अंक विकतो म्हटल्यावर म्हणाला, “मग कोपऱ्यातला घ्या सर, दोन बाजू उघड्या मिळतात. वेताळ बघून चाळिशीच्या पुढची माणसं थांबतातच.” खरंच थांबतात! इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं, पण मराठी अंक दिसला की लोक हातात घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. हे ज्याला माहीत आहे तो भामटा असेल असं कुणाच्या मनात येईल? वाटपपत्र आलं, त्यावर लोगो, शिक्का, स्टॉल नंबर. सोबत हॉलचा नकाशा, आणि नकाशा तर अस्सलच होता. आयोजक तो सगळ्या प्रदर्शकांना पाठवतात, त्यातलाच कुणाचा तरी घेतलेला.

पहिल्या दोन रकमा ‘एंटरप्रायझेस’ असं नाव असलेल्या खात्यात गेल्या. ते मला खटकलं नाही आणि खटकायचं कारणही नव्हतं. प्रदर्शनात मांडणीवाला वेगळा, विजेचा कंत्राटदार वेगळा, प्रत्येकाचं बिल वेगळ्या नावाने येतं. पण तिसरी रक्कम, ती ८,२६० ची! रात्री साडेअकराला यूपीआयवर नंबर टाकला आणि स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं. एंटरप्रायझेस नाही, कंपनी नाही, एका व्यक्तीचं नाव आणि आडनाव. मी थांबलो. मेसेज करून विचारलंही. लगेच उत्तर आलं: “अकाउंट्सच्या मॅडम आहेत सर. बारा वाजता विजेच्या बुकिंगचं पोर्टल बंद होतंय, नंतर अंधारात स्टॉल लावावा लागेल.” आणि मी पिन दाबला. तो क्षण आठवला की अजून झोप उडते. ते नाव बँक दाखवते. समोरच्याने काहीही सांगितलं तरी ते नाव बदलत नाही. कंपनीचे पैसे व्यक्तीच्या खात्यात मागितले की तिथेच फोन ठेवा.

जीएसटी नंबरही पत्रावर होता. त्यात सुरुवातीला राज्याचे दोन अंक, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं पॅनची. म्हणजे सहावं अक्षर पॅनचं चौथं. कंपनी असेल तर तिथे सी असतो, एकट्या मालकाचा धंदा असेल तर पी. माझ्या पत्रावर पी होता आणि वर नाव प्रायव्हेट लिमिटेडचं. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला असता तर पैसे न भरता खरं नाव कळलं असतं. हे मला माझ्या सीएने नंतर सांगितलं. पुस्तकांवर जीएसटी शून्य, नुसती पुस्तकं विकणाऱ्या माझ्यासारख्याला हे कुठून ठाऊक असणार?

माल उतरवायच्या गेटवर रखवालदाराच्या यादीत माझं नाव नव्हतं. माझ्या नंबरच्या स्टॉलवर एक टी-शर्टवाला रॅक लावत होता, त्याचा अगदी खरा करार होता. तसंच पत्र घेऊन नाशिकचा एक कीचेनवाला आणि एक चित्रकार मुलगीही गेटवर उभी होती. आयोजकांच्या टेबलावर उत्तर काय, तर “आम्ही एजंटमार्फत स्टॉल विकत नाही, वेबसाइटवर लिहिलंय.” पत्र हातातही घेतलं नाही. तुमचा लोगो, तुमचा नकाशा, तिघेजण समोर उभे, आणि किमान सगळ्या प्रदर्शकांना एक इशाऱ्याचा ईमेल टाका म्हटलं तर “वरिष्ठांना कळवतो.” तो ईमेल आजतागायत गेलेला नाही.

मग पोलीस. तिथल्या ठाण्यात म्हणाले, पैसे पुण्यातून गेले, पुण्यात जा. पुण्यात म्हणाले, प्रकार मुंबईत घडला, तिकडे जा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची. ते छापून नेलं तर साहेब म्हणाले, “आम्हाला कायदा शिकवू नका.” चहाची वेळ, बंदोबस्ताची वेळ, साहेब मीटिंगमध्ये. ७०,४६० रुपये ही त्यांच्या लेखी रक्कमच नाही! एक हवालदार तर म्हणाला, “कॉमिक्स? लहान मुलांची? त्याला एवढे पैसे कशाला भरले?” माझं घर त्या लहान मुलांच्या पुस्तकांवर चालतं.

बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात, जबाबदारी तुमची. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली गेली, पण तोवर पैसे पुढच्या खात्यांत पांगले होते. एका खात्यात २,३०० रुपये गोठवलेत. ते माझेच, पण सोडवायला तेव्हा कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. २,३०० साठी वकील लावू?

शंका आली की त्याच मिनिटाला १९३० फिरवा, आयोजकांशी वाद नंतर घाला. मी गेटवर वाद घालण्यात अख्खी सकाळ घालवली, तेवढ्यात शेवटचं खातंही जवळजवळ रिकामं झालं. स्टॉल नंबर मिळाला की आयोजकांच्या मूळ वेबसाइटवरच्या ईमेलवर तो पाठवून लेखी खात्री मागा, फोनवरची नको. चॅट पुसू नका, समोरचा पुसतोच, स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा.

नाशिकचा तो कीचेनवाला आणि मी खाते क्रमांक जुळवून पाहिले. त्याचे पैसेही त्याच बाईच्या खात्यात गेलेत. तुमच्याकडे असं वाटपपत्र असेल आणि पैसे व्यक्तीच्या नावावर गेले असतील, तर तक्रारीत तो खाते क्रमांक ठळक लिहा आणि त्याच खात्यावर आणखी तक्रारी आहेत का हे ठाण्यात लेखी विचारा. आमच्या दोघांच्या तक्रारी अजून दोन ठाण्यांत वेगवेगळ्या पडून आहेत.