मंजुरी रात्रीच आली होती, तरी ३५ हजार गेले

अण्णांच्या छातीत रात्री साडेनऊला कळ आली. आमची वाडी गारगोटीच्याही पुढे. १०८ ची गाडी आली, ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढला आणि डॉक्टरांनी थेट कोल्हापूरला पाठवलं. मध्यरात्रीनंतर एका खासगी हॉस्पिटलात दाखल केलं. दारातच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा फलक होता. तो बघून जीव थोडा भांड्यात पडला. सकाळी अँजिओग्राफी, बहुतेक स्टेंट, असं सांगितलं.

पहाटे व्हरांड्यात एक माणूस शेजारी येऊन बसला. गळ्यात ओळखपत्र, हातात निळी फाइल. अण्णांचं नाव, बेड नंबर, सगळं त्याला ठाऊक. "पाव्हणं, रेशनकार्ड केशरी न्हवं? केशरीला मंजुरी यायला आठ दिस लागत्यात. पेशंट तेवढा दम काढंल का? मुंबईत आपला माणूस हाय. पस्तीस हजार, अकराच्या आत."

पावती मागितली तर म्हणाला, "ह्या कामाची पावती असती व्हय?" बोलणं इतकं मऊ, की मी त्याचे हात धरून आभार मानले.

उसाचं बिल यायचं होतं, दूध संस्थेतून उचल आधीच झालेली. आईनं काही न बोलता गळ्यातला साज काढून दिला. गुजरीतली सराफांची दुकानं उघडेपर्यंत मी बंद शटरसमोर उभा होतो. साज मोडला, अकराला पैसे दिले. दुपारी स्टेंट पडला आणि मला वाटलं, त्या माणसामुळेच.

डिस्चार्जच्या दिवशी आरोग्यमित्र ताईंना, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या ताईंना, मी म्हणालो, "तुमच्या माणसानं लवकर काम केलं." त्यांचा हात थांबला. "कुठला माणूस?" कागद फिरवून दाखवला. तातडीचा रुग्ण म्हणून फोनवरून मंजुरी रात्रीच घेतली होती. मी गुजरीत उभा होतो तेव्हा ती येऊन कित्येक तास झाले होते. त्या माणसाचा फोन बंद. आतलं कुणीतरी त्याला नावं पुरवत असणार, त्याशिवाय बेड नंबर कळत नाही. पोलिसांत अर्ज दिलाय, पण पुरावा काय दाखवणार?

ही योजना कॅशलेस आहे. मंजुरीसाठी रुग्णानं कुणालाही एक रुपया द्यायचा नाही. २०२३ च्या निर्णयानं पांढऱ्या कार्डासह राज्यातली सगळी कुटुंबं तिच्यात आली, मर्यादा वर्षाला ५ लाखांची झाली. शंका आली तर आरोग्यमित्राचं टेबल गाठा, नाहीतर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर फोन करा. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ सालीच सांगितलंय, की सरकारी रुग्णालयात वेळेवर तातडीचे उपचार न मिळणं म्हणजे कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग. मी पदवीधर आहे, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दवाखान्यात ओळख लागते, वशिला लागतो, हे मात्र लहानपणापासून पाठ होतं. शहरात ज्यांचे डॉक्टर नातेवाईक असतात ते एक फोन करून विचारतात. वाडीवरच्या माणसाला विचारायला असा फाइलवालाच भेटतो. आमचंच आम्हाला त्यानं उपकार म्हणून विकलं.

परवा अण्णांना तपासणीला नेलं. चहाच्या गाड्याजवळ दुसराच एक जण, हातात तशीच फाइल, एका म्हाताऱ्या मावशींकडं रेशनकार्ड मागत होता. मी मावशींचा हात धरला आणि आत आरोग्यमित्राच्या टेबलापर्यंत घेऊन गेलो.